त्याची नजर माझ्या करंगळीवर

मनीषनगरच्या चौकात हिरवा दिवा लागला की मी लगेच निघत नाही. मुद्दाम करतो असं नाही, क्लचवरची मूठ उघडायलाच वेळ लागतो. मागचे हॉर्न वाजवायला लागतात, एखादा बाजूने जाताजाता "काका, झोपले काय?" असं विचारून जातो, आणि मग मी पुढे सरकतो. त्या कॉलेजच्या पोराला काय सांगू की बाबा रे, टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या शर्यतीत, त्या गटात विदर्भात दोनच नावं घेतली जायची आणि त्यातलं दुसरं माझं होतं. पहिलं त्याचं.

तो म्हणजे माझा मित्र, कुहीजवळच्या एका गावचा. घरी धानाची शेती, आणि तो शेतातल्या मोटारपंपांची दुरुस्ती करायचा. मी सरकारी कचेरीतला कारकून, आजोबांपासून कारकुनीच करत आलेल्या घरातला. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पडली ती नागपूरबाहेरच्या एका जुन्या, बंद धावपट्टीवर, जिथे वर्षातून एकदोनदा ड्रॅग रेस भरते. ड्रॅग रेस म्हणजे काय हे मला आजवर आमच्या घरात कुणाला धड समजावून सांगता आलेलं नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. समोर खांबावर दिवे असतात, आधी पिवळे आणि मग हिरवा. हिरवा लागला की सुटायचं आणि चारशे मीटर नाकासमोर जायचं. वळण नाही, चढ नाही, काही नाही. बायको एकदाच बघायला आली होती. "एवढंच?" म्हणाली. "एवढ्यासाठी दिवसभर उन्हात उभे राहता?"

एवढंच. पण त्या एवढ्याशात मी पंधरावीस वर्षं काढली आणि प्रत्येक वेळी शेजारच्या पट्टीवर तोच असायचा. आमच्या गटात गाड्याच कमी, त्यामुळे फिरूनफिरून जोडी आमचीच लागे. तो बहुतेक वेळा जिंकायचा. मी गिअर त्याच्यापेक्षा चांगले टाकायचो, शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याच्या मागच्या चाकापर्यंत पोचायचो, पण सुरुवातीला तो जी आघाडी घ्यायचा ती काही केल्या भरून निघत नसे. हिरवा दिवा लागायचा आणि हा माणूस आधीच निघालेला. दिव्याआधी सुटल्याचा फाऊल मात्र नाही. कसं जमतं याला, हे मला वर्षानुवर्षं कळलं नाही.

तो गेला लग्नाच्या पंगतीत. गाडीवर नाही. हे मी ठासून सांगतो, कारण त्याचं नाव निघालं की प्रत्येक जण चेहरा पाडून विचारतो, "गाडीवरच न?" नाही हो. जेवायला बसला होता, मठ्ठा मागितला, आणि मठ्ठा येईपर्यंत शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकली. हृदय बंद पडलं. लोकांना हे आवडत नाही. सांगितलं तर पटत नाही, आणि पटलं तर त्यांची निराशा होते. मला लोकांच्या या निराशेचा राग येतो. त्याहून जास्त राग मला मित्राचाच आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. इतकी वर्षं मला मागे टाकून पळालास, तेवढं कमी होतं काय?

तेरवी झाली, आणि थोड्या दिवसांनी त्याचे वडील टेम्पोत घालून त्याची गाडी आमच्या इमारतीत घेऊन आले. मीही त्यांना बाबाच म्हणतो. एके काळी बाबा पटाचे बैल पाळायचे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तीही नाकासमोर सरळच, आणि बाबा जोडी हाकणारे धुरकरी म्हणून आसपासच्या गावांत नावाजलेले. टेम्पोतून उतरून ते पार्किंगमध्ये उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"राहू दे तुह्यापाशी," म्हणाले. "घरी ठेवली त त्याची माय तिच्यापाशी जाऊन बसते. जेवाले बी उठत नाई."

याला मी नाही कसं म्हणणार होतो?

आता ही गाडी म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे. मागचा भाग लांबवलेला, हँडल जेमतेम हलतं, आरसे नाहीत, दिवा नाही. ती वळतच नाही. पार्किंगच्या दोन खांबांमधल्या जागेत आम्ही ती सरळ ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने आपली भलीमोठी चारचाकी पुढे लावली, आणि तेव्हापासून गाडी तिथे कोंडली गेली. बाहेर काढायची तर चौघांनी उचलायला हवी. सोसायटीच्या बैठकीत दर वेळी विषय निघतो, रस्त्यावर चालत नाही तर ठेवली कशाला. ती मी विकू शकत नाही, चालवू शकत नाही, परत नेऊ शकत नाही. रोज सकाळी कचेरीत जाताना मी तिच्याकडे न बघता स्कूटर काढायला शिकलो, तरी तिच्या टाकीवर साचलेली धूळ दिसायचीच. दर रविवारी मी ती पुसायचो. त्यावरूनही बायको एकदा म्हणाली, "त्याची माय बसते तसे तुम्हीही बसा आता."

करंगळीचं गुपित त्याने मला सांगितलं होतं ते जाण्याच्या वर्षभर आधी, पोह्यांच्या टपरीवर. पोह्यांवरची झणझणीत तर्री ओरपताओरपता सहज बोलल्यासारखं.

"तुले एक सांगू काय? मी दिवे पाह्यतच नाई."

"मग काय पाहतो बे?"

"तुह्यी करंगळी."

झालं होतं असं की क्लच सोडण्याच्या जरासं आधी माझ्या डाव्या हाताची करंगळी आपोआप वर उठते. मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. त्याने पहिल्याच वर्षी हेरलं होतं. माझं सगळं लक्ष दिव्यावर आणि त्याचं माझ्या करंगळीवर. ती हलली की तो सुटायचा. म्हणजे इतकी वर्षं मी दिव्यांचा अभ्यास करत होतो आणि हा माझ्या भरवशावर पळत होता! मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो हसतच राहिला.

"अबे, बैल कधी झेंडा पाह्यते काय?" म्हणाला. "जोडीदाराचा खांदा पाह्यते. तो हालला का हा निंगते."

"मी तुझा जोडीदार नाही. मी तुझ्याविरुद्ध पळतो."

"एकच आहे न," तो म्हणाला आणि माझ्या प्लेटमधली तर्री स्वतःच्या पोह्यांवर ओतून घेतली.

पुढच्या रेसला मी जाड हातमोजे घालून गेलो. त्याने माझ्या कोपराकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या खेपेला मी पिवळे दिवे असतानाच करंगळी मुद्दाम हलवली. तो तीरासारखा सुटला आणि बाद झाला. परत येताना हेल्मेटच्या आतून त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या आठवल्या की मला अजून एकट्याला हसू येतं. रेस मी जिंकली, पण शेजारी कुणी नसताना पोचण्यात काही मजा आली नाही. संध्याकाळी चहा त्यानेच पाजला.

बैलांची गोष्टही त्याचीच. मधली कित्येक वर्षं पटावर बंदी होती. बाबांची जोडी गोठ्यात बांधलेली, खाऊनपिऊन माजलेली, पळायला जागा नाही. बैल रात्रंदिवस खुरांनी जमीन उकरायचे. पट पुन्हा सुरू झाले तोवर जोडीतला एक मेला होता. बाबांनी दुसरा बैल आणून उरलेल्याशी जुंपला आणि पटात उतरवला. झेंडा पडला, बाकीच्या जोड्या गेल्या, आणि बाबांचा जुना बैल रेषेवर खांबासारखा उभा. मारलं नाही, टोचलं नाही. बाबांचा नेम होता की रेषेवर आणलेलं जनावर मागे वळवायचं नाही. ते छकड्यावरून उतरले, त्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि सगळ्या लोकांसमोर जोडीला चालवत शेवटच्या रेषेपर्यंत नेलं.

"दोन वर्षं हासले लोकं आमच्यावर," मित्र सांगायचा. "लगनात गेलो त बी चिडवे. अन् बाबा म्हने का, पोचला न? मंग?"

ही गोष्ट मी दहादा ऐकली असेन आणि दहादा हसलो असेन.

तर तो गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली, हिवाळाही सरला, आणि धावपट्टीवरच्या पुढच्या रेसची तारीख लागली. आमच्या गटातल्या तरुण पोरांनी परस्पर ठरवलं की या वेळी सुरुवात त्याला श्रद्धांजली देऊन करायची. कशी? तर त्याच्या गाडीवर मी बसायचं, त्याच्या पट्टीशेजारच्या माझ्या नेहमीच्या पट्टीवर उभं राहायचं, शेजारची पट्टी रिकामी ठेवायची, आणि एकट्याने पूर्ण चारशे मीटर पळवायची. फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो, समोर माणसं उभी होती. मी "बघू" म्हणालो. आपल्याकडे बघू म्हणजे हो.

मला जायचं नव्हतं. रिकाम्या पट्टीशेजारी उभं राहायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती, पण ती सांगायला मला जागाच मिळेना. दोन दिवसांनी पोरांनी बॅनरचा फोटो पाठवला. त्यावर मित्राला इतका गोरा केला होता की त्याच्या आईनेही ओळखला नसता, आणि खाली "वेगाचा राजा" असं लिहिलं होतं. राजा! जेवायला बसला की हा माणूस सगळ्यांच्या शेवटी उठायचा. मी लिहायला घेतलं की मला जमणार नाही, पुसलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात बाबांचा फोन.

"मी येऊन राहिलो पाहाले," म्हणाले. "त्यानं लई डाव बोलावलं, गेलोच नाई कधी. मशीनचा काय पट, असं म्हनो मी. आता येतो. तू चालवशीन न?"

"हो बाबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि मला गाडीसारखंच झालं, पुढे चारचाकी, दोन्हीकडे खांब.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती नको म्हणेल, मग मला तिच्या नावावर खपवता येईल. ती भाजी निवडत होती. "जा," म्हणाली. "पण तुम्ही पळण्यासाठी जाऊन राहिले की त्या म्हाताऱ्यासाठी, ते आधी ठरवा." मला ते ठरवता आलं नाही.

त्या सकाळी शेजाऱ्याला उठवून चारचाकी हलवायला लावली. गाडी टेम्पोत चढली. धावपट्टीवर पोचलो तर बाबा आधीच येऊन बसले होते, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, आणि गळ्यात कुणीतरी पाहुण्यांचं कार्ड अडकवलेलं. बॅनरखाली उभे राहून त्यांनी मुलाचा गोरा चेहरा बराच वेळ पाहिला.

"हा कोन होय?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

चामड्याचा सूट चढवला, हेल्मेट घातलं. नागपूरच्या उन्हात चामड्याच्या आत माणूस शिजतो, हे मला नवं नव्हतं. नवं होतं ते डावीकडे काही नसणं. त्याची गाडी माझ्या मांडीखाली होती आणि त्याच्या पट्टीवर नुसतं डांबर. त्याच्या इंजिनाचा तो खरखरीत आवाज मला नेहमी डावीकडून ऐकू यायचा, आता तोच खालून येत होता. हेल्मेटच्या आत माझाच श्वास माझ्याच तोंडावर येत होता. लाउडस्पीकरवरून कुणीतरी त्याच्याबद्दल भावुक होऊन बोललं, सगळं चुकीचं. मग शांतता. वर कुठे तरी पोरांचा ड्रोन घोंघावत होता.

पिवळे दिवे लागले. मग हिरवा.

मी हललो नाही. हिरवा दिवा मला स्वच्छ दिसत होता. इतकी वर्षं मी त्याच्यावरच तर डोळे लावून बसायचो! इंजिन तयार होतं, मी तयार होतो, आणि डावी मूठ उघडत नव्हती. मी करंगळीकडे पाहिलं. ती क्लचवर गच्च रुतून बसली होती. मग मला कळलं, अगदी लख्ख कळलं, की दिवा बघून ती कधी उठतच नव्हती. तो बघतोय म्हणून उठायची. मला हे कळायला नको होतं, तेही तिथे, शेकडो लोकांसमोर.

त्यांनी दिवे पुन्हा लावले. पिवळे, हिरवा. पुन्हा तेच. लोकांत कुजबुज सुरू झाली. लाउडस्पीकरवाला म्हणाला की आमचे बंधू भावनाविवश झाले आहेत, टाळ्या वाजवून त्यांना धीर द्या. टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी माणूस आणखी अडकतो, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कधी कळत नाही. मागे फिरावं तर गाडी वळत नाही. उतरून ढकलत न्यावी तर बाबा बघताहेत. मी तसाच बसून राहिलो, घाम डोळ्यांत जात होता आणि पुसता येत नव्हता.

मग डावीकडे पांढरं काहीतरी हललं. बाबा पट्टीवर आले होते. एक स्वयंसेवक त्यांना थांबवायला धावला, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे.

"सोडत काहून नाई गा?"

"होत नाही, बाबा." हेल्मेटच्या आत मी रडत होतो. त्यांना दिसलं की नाही माहीत नाही.

ते खाली वाकले. मग चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि चार पावलं डावीकडे जाऊन मुलाच्या पट्टीवर रेषेला पाय लावून उभे राहिले.

"तो घरी सांगे," म्हणाले, "तुह्यी करंगळी आंधी हालते म्हने. मी पाहून राहिलो. हालव."

करंगळी हलली. मी हलवली असं म्हणणार नाही.

मूठ अर्धी उघडली आणि गाडी इंचभर पुढे गेली. बाबांनी पाऊल टाकलं. गाडी पळण्यासाठी बनलेली, तिला चालता येत नाही. क्लच अर्धा दाबून धरला तरच ती माणसाच्या चालीने जाते, आणि तसं धरलं की आत सगळं घासून जळतं. मला ते माहीत होतं. मी धरून ठेवला. इंजिन कुरकुरत, धूर ओकत पुढे सरकत होतं, आणि शेजारी बाबा तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत होते, एक डोळा माझ्या हातावर. सुरुवातीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काही जण हसले. मग कंटाळले आणि चहाकडे वळले. चारशे मीटर किती लांब असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मध्येच एका बाजूला गवत आहे, त्यात टिटवीची जोडी असते, हेही मी त्या दिवशी पाहिलं.

"पाय भाजत असतील, बाबा."

"तू समोर पाह्य."

अर्ध्यावर जळका वास यायला लागला. त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"काय जळून राहिलं?"

"क्लच. गेला तो आता."

"जाऊ दे."

शेवटची रेषा जवळ आली तशी त्यांची चाल वाढली. मी शपथेवर सांगतो, वाढली. वय झालेला तो माणूस, पायाखाली आग, आणि रेषा दिसल्यावर त्याने माझ्याकडे बघणंच सोडून दिलं. मी मूठ आणखी उघडली, पण क्लचमध्ये काही उरलं नव्हतं. इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी रेषेच्या हातभर अलीकडे बंद पडली. बाबांचा पाय पलीकडे पडला होता.

त्यांनी खाली पाहिलं. आपला पाय, पांढरी रेषा, माझं पुढचं चाक. पटातला माणूस जसं बघतो तसं वाकून, नीट बघून घेतलं. मग सरळ झाले, आणि तेरवीनंतर पहिल्यांदाच मी त्यांचा तो चेहरा पाहिला, मित्राचाच, तर्री चोरतानाचा.

"माहा पोट्टा जिंकला गा," ते म्हणाले.

मी हेल्मेट काढलं नाही.

"हो बाबा," म्हणालो. "स्टार्ट त्याचाच चांगला होता."